तिथीची पाऊणपट

आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची तर घड्याळाआधी पंचांग बघतात. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाला. पुनवेला आणि अवसेला पाणी बाराच्या आसपास चढतं आणि संध्याकाळी सहाला इतकं मागे हटतं, की अलिबागेहून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. जुन्या माणसांना पाऊणकी तोंडपाठ होती, म्हणून हा हिशेब त्यांना बोलता बोलता जमायचा. आताच्या मुलांना पाऊणकी येत नाही, पण हा हिशेब येतो. वरसोलीच्या पुळणीवर संध्याकाळी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांपैकी कुणालाही विचारा, पुढच्या आठवड्यात मैदान कधी मोकळं होणार ते तो बोटांवर मोजून सांगेल. अष्टमीच्या आसपास संध्याकाळचा खेळ नाही, तेव्हा मैदानावर समुद्र असतो. उधाणाच्या दिवसांत मात्र ओली, घट्ट वाळू सुरूच्या बनापासून पार लांबपर्यंत उघडी पडते आणि एका वेळी चार-चार सामने रंगतात.

या मुलांना जे ठाऊक असतं, ते गेले सहा महिने देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या खेळाडूंना ठाऊक नव्हतं. पुढचा सामना कधी, हेच त्यांना कोणी सांगू शकत नव्हतं. येत्या शनिवारी, १४ फेब्रुवारीला, इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम सुरू होतो आहे. एरवी हा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो. म्हणजे गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी गेली, अलिबागचा पांढरा कांदा लावून झाला, शेतांत वालाच्या शेंगांच्या पोपट्या लागल्या, तेव्हा कुठे चेंडू मैदानावर येतो आहे. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. कनकेश्वराच्या पायऱ्यांवर माणसांची रांग लागेल आणि त्यातल्या कित्येकांच्या मोबाइलवर आदल्या रात्रीचे गोल असतील. त्याचा आनंद आहेच. पण हा आनंद साजरा करताना मधल्या सहा महिन्यांत काय घडलं, हे विसरून चालणार नाही.

घडलं ते थोडक्यात असं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये एका खासगी भागीदाराशी पंधरा वर्षांचा करार केला होता. भागीदाराने महासंघाला वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये द्यायचे आणि लीग चालवण्याचे, दाखवण्याचे, जाहिरातींचे सगळे हक्क त्याच्याकडे राहायचे. हा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. पुढे काय, याचं उत्तर वेळेत ठरलं नाही. महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, तोवर नवा करार करता येत नव्हता. जुलै २०२५ मध्ये क्लबांना कळवण्यात आलं की हंगाम तूर्त थांबवला आहे. काही क्लबांनी पगार थांबवले, काहींनी सराव बंद केला. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने घटनेला मंजुरी दिली, निविदा निघाली, नोव्हेंबरात मुदत संपली आणि एकही बोली आली नाही. शेवटी ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी लीग १४ फेब्रुवारीला सुरू होईल असं जाहीर केलं. चौदा संघ, प्रत्येकाशी एकदाच गाठ, एकूण ९१ सामने. गेल्या हंगामात प्रत्येक संघ साखळीत २४ सामने खेळला होता. या वेळी १३.

हंगाम हा शब्द किनाऱ्यावरच्या माणसाला फार जवळचा. १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, हे होडीवरच्या शेवटच्या खलाशालाही ठाऊक असतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जातो आणि होड्यांचे रंग ताजे होतात. मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद होतात आणि पाऊस सरला की पुन्हा सुटतात. या तारखा ठरलेल्या असतात म्हणून माणूस कर्ज काढतो, जाळी विणतो, लग्नाची तारीख धरतो. हंगाम म्हणजे पुढच्या वर्षाबद्दल दिलेला शब्द. तो न पाळणं म्हणजे नुसते सामने बुडणं नाही, त्या शब्दावर आयुष्य बेतणाऱ्या शेकडो घरांची घडी विस्कटणं आहे. फुटबॉलपटूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. त्यातलं अर्धं वर्ष कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलं, तर ते त्याला कोणी परत देत नाही.

आणि तरीही मला या बातमीने धक्का बसला नाही, दुःख झालं. कारण हे आपण महाराष्ट्रात आधी पाहिलेलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा. यंदा त्यातल्या सर्वांत सुंदर आठवणीला वीस वर्षं होतील.

२००६ च्या वसंतात महिंद्रा युनायटेड या मुंबईच्या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. ती लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि २००७ पर्यंत तिचे अकरा हंगाम झाले. त्यातले सहा कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालने वाटून घेतले, तीन गोव्याच्या साळगावकर आणि धेंपो यांच्याकडे गेले, पहिला पंजाबच्या जेसीटीचा. आणि एक आपला. त्या हंगामात संघाचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. पुढे ब्राझीलचा होजे रामिरेझ बरेटो आणि घानाचा युसिफ याकूबू, कडेने मुंबईचा स्टीव्हन डायस. त्याच संघाने २००५ चा फेडरेशन करंडकही जिंकलेला होता. एखाद्या मराठी गावातल्या चहाच्या टपरीवर ही नावं तेव्हा कोणी घेत नव्हतं हे खरं. पण ती नावं ज्यांनी घेतली, ते अजून विसरलेले नाहीत.

मी तेव्हा अलिबागेत नोकरीला नुकता लागलो होतो. आम्हा तिघा मित्रांना कूपरेज हे मुंबईतलं मैदान वाटतच नसे, ते आम्हाला आमचंच वाटे. सकाळची बस धरून मांडवा, तिथून लाँच, तासाभरात गेटवे. तिथून रिगलच्या चौकातून मादाम कामा रोडने पंधरा-वीस मिनिटं चाललं की कूपरेज. अंधेरीच्या माणसाला लोकलच्या गर्दीतून तिथे पोचायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात आम्ही समुद्र ओलांडून यायचो. सामने दुपारचे. मैदान लहानसं, बसायची जागा मैदानाच्या इतकी जवळ की बचावपटूने चेंडू छातीवर घेतला तर तो धप आवाज आम्हाला ऐकू यायचा. दूरचित्रवाणीवर फुटबॉल पाहून वाढलेल्या आमच्या पिढीला तो आवाज नवा होता. गोलरक्षक बचावाच्या फळीला ओरडून जे सांगतो तेही ऐकू यायचं. त्यात हिंदी, कोंकणी, मल्याळम, इंग्रजी सगळं मिसळलेलं असायचं.

एक दुपार मला स्वच्छ आठवते. समोर कोलकात्याचा संघ होता. उन्हाने मैदान पांढरं पडलं होतं. आमच्या शेजारी कुलाब्याच्या कोळीवाड्यातले एक काका बसले होते, अंगात धुऊन धुऊन विटलेली बनियन, डोक्याला रुमाल. सामना सुरू असताना त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही. चेंडू कडेला गेला की ते पुढे वाकायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "थांब, थांब, आता सोड." जणू वारा धरून शिडाची दोरी सोडायची आहे. स्टीव्हन डायस कडेने धावला की ते उभे राहायचे. आम्हाला खेळातलं जे कळत नव्हतं ते त्या दुपारी त्या काकांच्या पाठीकडे बघून कळलं. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ते बघतच नव्हते, ज्याच्याकडे तो जाणार होता त्याच्याकडे त्यांची नजर असायची.

आम्हाला मात्र शेवटपर्यंत थांबता आलं नाही. शेवटची लाँच चुकली तर रात्र गेटवेवर काढावी लागली असती. दहा मिनिटं उरली असताना आम्ही उठलो. रस्त्याने निम्मं अंतर चाललो असू आणि मागून आवाज उठला. गोल झाला हे कळलं, कुणी केला हे कळलं नाही. आम्ही तिघंही थांबलो. परत जावं की पुढे जावं, असे क्षणभर तिथेच उभे होतो. मग धावत गेटवे गाठलं. लाँचवर कोणाकडे रेडिओ असेल म्हणून विचारत फिरलो. मांडव्याला उतरून बसमध्ये बसलो तरी गोल कोणाचा ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी होत्या. त्या चार ओळी कापून मी कित्येक वर्षं पाकिटात ठेवल्या होत्या.

चार वर्षांनी, २०१० मध्ये, महिंद्रा युनायटेड बंद झाला. संघ हरत होता म्हणून नव्हे. फुटबॉलवरचा खर्च शालेय स्पर्धांकडे वळवायचा असं कंपनीने ठरवलं. हेतू चांगलाच होता आणि त्या शालेय स्पर्धा झाल्याही. पण १९६२ पासून चाललेला, देशाचा विजेता राहिलेला संघ एका निर्णयासरशी नाहीसा झाला. त्याला विरोध करायला कोणी नव्हतं, कारण विरोध करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. त्या कोळी काकांचा त्या संघावर काय हक्क होता? ते फक्त दर सामन्याला यायचे, एवढंच.

दुसऱ्या वर्षी जेसीटीही बंद झाला, म्हणजे पहिला विजेताही गेला. तो कापड गिरणीचा संघ होता. मग महाराष्ट्रात एकामागून एक संघ गेले. एअर इंडिया २०१३ मध्ये परवान्याच्या अटींत न बसल्यामुळे सर्वोच्च लीगबाहेर पडला. पुणे एफसी २०१५ मध्ये थांबला. भारत एफसी हा पुण्याचाच संघ एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विरला. त्याची जागा घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला, त्याने २०२१-२२ चा करंडक जिंकला, आणि गेल्या वर्षी तो संघही दिल्लीला गेला, नाव बदललं. एका मराठी शहराच्या जागेवर सुरू झालेला संघ सहा वर्षांत दोन शहरं ओलांडून गेला. वऱ्हाडातलं बिऱ्हाडही इतक्या वेळा हलत नाही.

खालिद जमील यांचीच गोष्ट बघा. हा मधल्या फळीतला खेळाडू महिंद्राकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, मुंबई एफसीकडून खेळला आणि त्याच मुंबई एफसीचा पुढे अनेक वर्षं प्रशिक्षक राहिला. तिथून निघाल्यावर २०१७ मध्ये त्यांनी मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीग, म्हणजे जुन्या राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली लीग, जिंकून दिली. गेल्या ऑगस्टमध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ज्या तीन संघांनी हा माणूस घडवला, त्यातला एकही आज सर्वोच्च लीगमध्ये नाही. माणूस घडून वर गेला, मागची घरं मात्र पडली. त्या घरांत पुढचा खालिद जमील कुठून यावा?

मुंबई सिटी एफसी आहे, हे खरं. २०१४ पासून तो खेळतो आहे, २०१९ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने त्यात मोठा हिस्सा घेतला आणि त्याने मुंबईला अभिमान वाटावा असं फुटबॉल दिलं. १३ मार्च २०२१ ला गोव्यात, महामारीमुळे रिकाम्या मैदानात, बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला गोल करून करंडक आणला. एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या वायुदलाच्या संघाला हरवलं, त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. ४ मे २०२४ ला खुद्द कोलकात्यात, मोहन बागानच्या घरी, ३-१ ने दुसरा करंडक. त्या रात्री अलिबागच्या बसस्थानकाजवळ मुलं निळे झेंडे घेऊन नाचली, हे मी पाहिलं आहे. गेल्या डिसेंबरात त्या परदेशी समूहाने आपला हिस्सा सोडला. लीगचं भवितव्य धूसर आहे हे त्यामागचं कारण. जुन्या मालकांनी संघ पुन्हा हाती घेतला, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण निळा झेंडा घेऊन नाचणाऱ्या मुलाला आतून जी भीती वाटते ती वीस वर्षांपूर्वीचीच आहे.

आता राष्ट्रीय लीगच्या विजेत्यांची यादी पुन्हा वाचा. जेसीटी, मोहन बागान, साळगावकर, ईस्ट बंगाल, धेंपो, महिंद्रा. यातले शनिवारपासूनच्या लीगमध्ये कोण आहेत? फक्त दोघे, १८८९ चा मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल. हे दोघेही आज उद्योगसमूहांच्या पैशावर चालतात, त्यांच्यातही भांडणं आहेत, राजकारण आहे. पण भागीदार कंपनी बदलली तरी क्लब राहतो, कारण त्याच्या मुळाशी वर्गणी भरणारे सदस्य आहेत आणि त्यांची घरं आहेत. आजोबा सदस्य, मग मुलगा, मग नात. कोलकात्यात क्लबची मागच्या दाराने विक्री झाली तर समोरच्या दारात हजारो माणसं उभी राहतात. महिंद्राच्या दारात आम्ही तिघे उभे राहिलो असतो.

याच्या उलट टोकाला, सर्वोच्च लीगपासून शेकडो मैल दूर, आपलं कोल्हापूर आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. नावं तालमींची आणि पेठांची. ज्या मातीत कुस्ती घुमली तिथल्या पोरांनी फुटबॉलही आपलंसं केलं. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की दुकानं अर्धी बंद होतात आणि दगडी पायऱ्या भरून जातात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग पिढ्यान्‌पिढ्या चालते आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. तिथे संघाला टाळं लावायचं म्हटलं तर टाळं लावायला जागाच नाही, कारण संघ कुठल्या इमारतीत राहत नाही, तो पेठेत राहतो. अर्थात, कोल्हापूरचा एकही संघ सर्वोच्च लीगमध्ये नाही, कारण त्यासाठी लागणारा पैसा पेठेकडे नाही. एकीकडे पैसा असलेले, पेठ नसलेले संघ. दुसरीकडे पेठ असलेले, पैसा नसलेले. महाराष्ट्राच्या फुटबॉलचं सगळं दुखणं या दोघांची गाठ न पडण्यात आहे.

आणि रायगडचा किनारा? आपल्याकडे दोन्ही नाहीत असं वरवर वाटेल, पण तसं नाही. पेठेसारखी गावकी आपल्याकडे आहे, ती कबड्डीत दिसते. रायगडमध्ये गावागणिक कबड्डीचा संघ आहे, त्याच्या बनियनवर ग्रामदेवतेचं नाव आहे, रात्री दिव्यांच्या माळांखाली सामने होतात तेव्हा आजूबाजूच्या पाच गावांतली माणसं येतात. या संघांना कोणी मालक नाही. वर्गणी, बक्षिसाची रक्कम, मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्यांनी पाठवलेले पैसे, एवढ्यावर ते टिकले आणि त्यांनी राज्याला, देशाला खेळाडू दिले. फुटबॉल मात्र या गावकीत शिरला नाही. तो पुळणीवर राहिला, ज्या मैदानावर कोणाचंच नाव नसतं.

काही लोक म्हणतात, गोव्यात पोर्तुगीज होते म्हणून फुटबॉल रुजला. पोर्तुगीज तर आपल्या रेवदंड्यालाही १७४० पर्यंत होते. कोर्लईत आजही त्यांच्या बोलीच्या खुणा जिभेवर आहेत. गोव्यात फुटबॉल आणला तो १८८३ मध्ये शिवोलीला आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज पाद्रींनी, आणि आणला शाळेत. शाळेतून तो गावांत गेला, गावांतून वाड्यांत, आणि पुढच्या शतकात खाण-उद्योगातल्या घराण्यांनी त्यावर पैसा लावला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी शाळा आणि वाडा, मग पैसा. म्हणूनच २०१६ मध्ये धेंपो आणि साळगावकर यांनी सर्वोच्च लीगमधून माघार घेतली तरी गोव्यातल्या गावांचं फुटबॉल थांबलं नाही. महाराष्ट्रात आपण पैशापासून सुरुवात केली, आणि पैसा गेला तेव्हा खाली काहीच उरलं नाही.

पैसा आपल्या किनाऱ्यावर आहे. अंबा नदीच्या मुखाशी डोलवीचा पोलाद कारखाना आहे तो जेएसडब्ल्यू समूहाचा, आणि त्याच समूहाचा बंगळुरू एफसी २०१३-१४ मध्ये पदार्पणातच आय-लीग जिंकला, पुढे २०१८-१९ मध्ये सुपर लीगही जिंकला. थळला आरसीएफचा खत कारखाना आहे, उसरला गेल, नागोठण्याला रिलायन्स. हे कारखाने आले तेव्हा इथल्या माणसांनी जमिनी दिल्या. कारखान्यांनी शाळा उभारल्या, दवाखाने चालवले, पाणी दिलं, हेही मान्य करायला हवं. माझं मागणं मोठं नाही. तालुक्याला एक मैदान. दोन्ही टोकांना खांब, आखलेल्या रेषा, पाण्याचा नळ, कपडे बदलायला आडोसा, मुलींनाही. आणि तो आराखडा असा असावा की कंपनीने उद्या हात काढला तरी मैदान गावाचं राहील. जमीन ग्रामपंचायतीची, देखभाल गावाच्या मंडळाची, पैसा कंपनीचा. कबड्डीची मंडळं चालवणाऱ्या माणसांना हे शिकवायला लागत नाही.

जिल्ह्यात खारघरला सिडकोचं उत्तम फुटबॉल केंद्र आहे. पण श्रीवर्धनच्या, मुरुडच्या मुलाला तिथे जायला निम्मा दिवस लागतो. आणि ज्या मळ्यांत भात कापल्यावर मुलं खेळायची, तिथे अलिबाग ते किहीम आणि त्याही पुढे दगडी कुंपणं उभी राहिली आहेत. प्रत्येक विकलेल्या शेताबरोबर एक मैदान जातं, याची नोंद सातबारावर होत नाही. मोकळी राहिली आहे ती पुळण, आणि पुळणीवर समुद्राचा हक्क पहिला.

शनिवारी सुरू होणाऱ्या लीगकडेही माझं एकच मागणं आहे. ९१ सामने का होईनात, खेळा. पण हे सामने संपायच्या आत पुढच्या हंगामाची पहिली तारीख जाहीर करा. प्रायोजक मिळो न मिळो, करार होवो न होवो, अमुक महिन्यातल्या अमुक शनिवारी पहिला सामना, असं एकदा लिहून टाका आणि मग त्या तारखेभोवती बाकीचं सगळं जुळवा. पैसा तारखेमागे येतो. इथले सावकारही नारळी पौर्णिमा कधी आहे हे पाहूनच होडीला कर्ज द्यायचे.

परवा संध्याकाळी वरसोलीला गेलो होतो. ओहोटी सुरू झाली होती पण पाणी अजून पुरतं उतरलं नव्हतं. दहा-बारा वर्षांची आठ-नऊ पोरं उतरत्या पाण्याच्या कडेने थांबली होती, एकाच्या काखेत चेंडू. चेंडूची एक शिवण उसवलेली, खारं पाणी पिऊन तो जड झालेला. पाणी जसजसं मागे जाई, तसतशी ती पुढे सरकत. एकाने टाच रुतवून मध्यरेषा ओढली, दोघांनी सुरूच्या काटक्या रोवल्या. एकाच्या अंगात मुंबई सिटीची निळी जर्सी होती, पाठीवर बिपिनचं नाव. दुसऱ्याच्या जर्सीवर आर्जेन्टिनाचं दहा. मी विचारलं, शनिवारी लीग सुरू होते आहे, बघणार का? निळ्या जर्सीवाला म्हणाला, "बघणार, पण रात्री. दुपारी आमची मॅच आहे." मग त्याने बोटांवर मोजून हिशेब केला. शनिवारी माघ वद्य द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. भरती नवाला, म्हणजे ओहोटी तीनच्या सुमारास.

"अडीचला या," तो म्हणाला, "तोपर्यंत मैदान निघालेलं असेल."